आंदणातला किल्ला आणि मागावरचे नगर

महाराष्ट्रात किल्ला म्हटला की वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे सह्याद्रीचे कडे उभे राहतात. राजगड, रायगड, प्रतापगड यांच्या पराक्रमकथांनी आपली इतिहासदृष्टी इतकी भारली गेली आहे, की सपाट माळावर केवळ खंदकाच्या आणि दुहेरी तटाच्या भरवशावर उभे असलेले अहमदनगर, परांडा, सोलापूर यांसारखे भुईकोट, त्यांच्या ताब्यावरून सल्तनतींची भवितव्ये ठरली असूनही, आपल्या स्मरणात दुय्यम स्थानी पडले आहेत. वास्तविक ज्याला एखाद्या मुलखाच्या राजकारणाबरोबरच तेथील रयतेची, व्यापाराची आणि कारागिरीची हकीकत जाणून घ्यावयाची असेल, त्याने प्रथम भुईकोटाकडेच वळावे. डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी फार तर एखादी माची आणि तिच्या खाली एखादी वाडी. भुईकोटाच्या दरवाजासमोर मात्र कसबा असतो, पेठ असते, शिबंदीला धान्य, पागेला चंदी, तोफखान्याला लोहार-सुतार आणि किल्लेदाराच्या वाड्याला वस्त्रप्रावरणे पुरविणारी अठरापगड वस्ती असते. आणि किल्ल्याच्या किल्ल्या एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे गेल्या, तरी ती वस्ती आपल्या जागी राहून नव्या अंमलदाराला पूर्ववत जकात भरीत असते. सोलापूरच्या बाबतीत तर याहून एक पाऊल पुढे जाऊन असे म्हणता येईल, की येथे गाव आधी, तळे आधी, आणि किल्ला मागाहून आला.

भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या दुआबात, बालाघाटाच्या पठाराचा उतार जेथे संपतो तेथे, काळ्या कसदार जमिनीच्या आणि उघड्याबोडक्या माळरानाच्या मधोमध हे नगर वसले आहे. पर्जन्यछायेचा हा मुलूख ज्वारी उत्तम पिकवितो, परंतु पावसाच्या लहरीवर त्याचे सर्व जीवित अवलंबून. दोन्ही मोठ्या नद्या शहरापासून मैलोगणती दूर, आणि गावालगत वाहणारी आदिला नदी बारमाही नव्हे. अशा ठिकाणी मोठी लोकवस्ती व्हावयाची तर कोणीतरी पुढाकार घेऊन पाणी साठविणे अपरिहार्य होते. आणि हे कार्य येथे एखाद्या राजाने अथवा सरदाराने न करता एका शिवयोग्याने केले, ही सोलापूरच्या इतिहासातील पहिली आणि माझ्या मते सर्वांत अर्थपूर्ण घटना होय.

बाराव्या शतकात, कल्याणीला कलचुरी बिज्जलाचे राज्य असताना आणि बसवेश्वर, अल्लमप्रभू प्रभृती शरणांनी समाजाच्या जुन्या उतरंडीला आव्हान दिले असताना, तत्कालीन शिलालेखांत आणि वचनसाहित्यात ज्या गावाचा उल्लेख सोन्नलिगे असा येतो तेथे सिद्धरामेश्वर नावाचे महापुरुष लोकांना संघटित करून तळे खोदीत होते, मंदिरे उभारीत होते आणि श्रमाला साधनेची प्रतिष्ठा देत होते. अल्लमप्रभू सोन्नलिगेस आले, त्यांनी सिद्धरामांच्या कर्मयोगाची परीक्षा पाहिली आणि पुढे त्यांना कल्याणीच्या अनुभवमंटपाकडे, म्हणजे शरणांच्या सभेकडे, नेले, ही कथा वीरशैव परंपरेत आदराने सांगितली जाते. त्यांची वचने कन्नडात आहेत. त्यांनी क्षेत्राच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली अशी श्रद्धा आहे. आणि त्यांच्या प्रेरणेने निर्माण झालेल्या तलावात, चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूमीवर, सिद्धेश्वराचे मंदिर आजही नांदते आहे. ज्या नगराचे ग्रामदैवत हे स्वतः कुदळ हाती घेणारे होते, त्या नगराने पुढे आठ शतके हाताच्या श्रमावरच आपला योगक्षेम चालवावा, यात एक प्रकारचे औचित्य दिसते.

त्या तळ्याच्या काठी चौदाव्या शतकात बहमनी अंमलात किल्ल्याची उभारणी झाली. गुलबर्ग्याहून पश्चिमेकडे येणारी वाट, विजापूरहून तुळजापूर-परांड्याकडे जाणारी वाट आणि भीमेच्या उताराकडून येणारी वाट यांचा मेळ जेथे पडत होता, तेथे ठाणे बसविणे हे राज्यकर्त्याला आवश्यक वाटले असल्यास नवल नाही. आणि जागा निवडणाऱ्या जाणकाराने सिद्धरामाच्या तळ्यालाच किल्ल्याचा पूर्वेकडील संरक्षक बनवून उरलेल्या तीन बाजूंना रुंद व खोल खंदक खणला, म्हणजे शिवयोग्याने लोकांच्या तहानेसाठी साठविलेले पाणी सुलतानाच्या कोटाला कामी आले. किल्ल्याचा घाट लांबट चौकोनाचा असून त्याला एकात एक असे दोन तट आहेत. बाहेरचा काहीसा ठेंगणा, आतला त्याहून उंच, जेणेकरून शत्रूने पहिला तट घेतला तरी तो दुसऱ्या तटावरील बंदुकांच्या माऱ्याखाली उघडा पडावा. बुरुजांवर जंग्या आणि तोफांचे झरोके, दरवाजांना वळणे, काही ठिकाणी फारसी शिलालेख, आणि भिंतींत मधूनमधून जुन्या देवालयांचे कोरीव चिरे असा हा एकूण संभार आहे. आत नागबावडी आहे, बत्तीस खांबांची इमारत आहे, आणि जमिनीखालून उघडकीस आलेले मल्लिकार्जुनाचे प्राचीन मंदिर आहे. त्यामुळे या कोटात हिंडताना चालुक्यकालीन शिल्प, बहमनी बांधकाम आणि आदिलशाही डागडुजी ही एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी असल्याचा प्रत्यय येतो.

बहमनी सत्तेची शकले झाल्यानंतर या किल्ल्याच्या नशिबी जे आले ते दख्खनच्या इतिहासात विरळाच. परांड्याच्या ख्वाजा जहान याचा भाऊ झैनखान याच्याकडे सोलापूर आणि त्याखालचे साडेपाच महाल होते. विजापूरच्या बाल इस्माईल आदिलशहाचा कारभारी कमालखान याने १५११ साली ते हस्तगत केले. येथून जे वितुष्ट सुरू झाले ते निवळावे म्हणून १५२४ च्या सुमारास सोलापुरातच विजापूर व अहमदनगर या दोन्ही दरबारांची भेट होऊन इस्माईलची बहीण बीबी मरियम ही बुऱ्हाण निजामशहास देण्यात आली, आणि सोलापूरचा किल्ला व ते साडेपाच महाल तिच्या आंदणात द्यावे असे ठरले. लग्न यथास्थित झाले, मेजवान्या झाल्या, वऱ्हाड अहमदनगरला गेले. आंदण मात्र विजापूरकरांनी दिले नाही. वधू मिळाली पण किल्ला मिळाला नाही, या सलाने निजामशाहीने पुढे चार दशके जी युद्धे केली, त्यांत वऱ्हाडचा इमादशहा, बीदरचा बरीद, आणि अखेरीस विजयनगरचा रामराय या सर्वांना ओढले गेले. रामरायाच्या साहाय्याने बुऱ्हाणाने १५५२ च्या सुमारास सोलापूर घेतले आणि त्या बदल्यात रायचूर-मुद्गलचा दुआब विजयनगरला मिळाला. पुढे आपले गेलेले ठाणे परत मिळावे म्हणून पहिल्या अली आदिलशहानेही त्याच रामरायाच्या दाराशी जाऊन मैत्री जोडली. एका भुईकोटापायी दोन्ही सुलतान आळीपाळीने विजयनगरचे आर्जव करीत राहिले, आणि त्या आर्जवाने रामरायाचे सामर्थ्य इतके वाढले की त्याची धास्ती दोघांनाही सारखीच वाटू लागली.

त्या धास्तीपोटी झालेल्या समेटातही सोलापूर पुनश्च लग्नाच्या याद्यांत आले. हुसेन निजामशहाने आपली कन्या चांदबीबी अली आदिलशहास दिली, आणि तिच्या आंदणात सोलापूरचा किल्ला विजापूरकडे गेला. अलीची बहीण निजामशहाच्या पुत्रास देण्यात आली. या सोयरिकीच्या बळावर सुलतानांची फळी बांधली जाऊन २३ जानेवारी १५६५ रोजी राक्षसतागडीच्या रणांगणावर रामरायाचा शिरच्छेद झाला व विजयनगरचे वैभव धुळीस मिळाले. आपल्या शालेय इतिहासात या, तालिकोटची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, लढाईची कारणमीमांसा बहुधा धर्माच्या परिभाषेत केली जाते. परंतु जो कोणी इतिहासकार फेरिश्त्याची तवारीख काळजीपूर्वक वाचील, त्याला या महायुद्धाच्या मुळाशी सोलापूरच्या साडेपाच महालांचा जुना वाद किती चिवटपणे रुतून बसला होता हे दिसल्यावाचून राहणार नाही. एकदा कबूल होऊन न मिळालेले आणि एकदा खरोखर मिळालेले असे दोन्ही प्रकारचे आंदण होण्याचा योग या किल्ल्याला लाभला. आणि दुसऱ्या खेपेस ज्या वधूबरोबर तो गेला, तीच चांदबीबी पुढे अहमदनगरच्या भुईकोटाच्या तटावर उभी राहून मोगलांशी झुंजली.

यापुढचा काळ झपाट्याने सांगण्यासारखा आहे, कारण त्यात मालक बदलण्यापलीकडे फारसे काही नाही. भातवडीच्या विजयानंतर मलिक अंबराने सोलापूर जिंकले; शहाजहानाने १६३६ साली दख्खनची वाटणी केली तीत ते पुन्हा आदिलशाहीस मिळाले; १६६८ च्या तहान्वये ते मोगलांकडे गेले; १६८५ साली विजापूरच्या वेढ्यावर देखरेख करण्यासाठी खुद्द औरंगजेबाने येथे छावणी दिली, आणि पुढे १६९५ ते १६९९ पर्यंत भीमाकाठी ब्रह्मपुरीस त्याचा तळ पडला, तेव्हा काही काळ हिंदुस्थानच्या पातशाहीचा कारभार याच परिसरातून चालत होता. अठराव्या शतकात निजाम आणि त्यानंतर मराठे अशी सत्तेची पालट झाली. आणि पेशवाईच्या अखेरच्या पर्वात या किल्ल्याने एकदा शेवटचा दारूगोळा पाहिला.

२० फेब्रुवारी १८१८ रोजी याच प्रांतातील आष्टीच्या मैदानात बापू गोखले धारातीर्थी पडले, साताऱ्याचे छत्रपती इंग्रजांच्या हाती गेले आणि दुसरा बाजीराव हलक्या स्वारांनिशी रानोमाळ भटकू लागला. अशा धावपळीत पायदळ आणि तोफखाना बरोबर नेणे अशक्य असल्याने तो सर्व सरंजाम सोलापूरच्या आश्रयास ठेवण्यात आला होता. गणपतराव पानसे हे तेथील फौजेचे मुख्य. मे महिन्यात इंग्रजांचा जनरल मन्रो फौजेसह चालून आला, तेव्हा पेठेलाही स्वतःची तटबंदी होती. १० मे रोजी शिड्या लावून इंग्रजी पलटणींनी पेठ घेतली, पानश्यांच्या लोकांनी बाहेर येऊन केलेला प्रतिकार निष्फळ ठरला, आणि किल्ल्यावर तोफांचा मारा सुरू झाल्यावर १५ मे रोजी तो खाली झाला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत बाजीरावाने इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन होऊन राज्यावर पाणी सोडले. शनिवारवाड्यावरून भगवा उतरल्याच्या घटनेची आठवण आपल्याकडे दरवर्षी काढली जाते. पेशव्याच्या नियमित पायदळाने आणि तोफखान्याने दिलेली अखेरची झुंज सोलापूरच्या पेठेत झाली, याचे स्मरण फारसे कोणास नसते.

किल्ल्याची ही जीवनयात्रा पाहिल्यावर सहज जपानमधील दुर्गनगरांची आठवण होते, कारण तेथेही सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि सतराव्याच्या आरंभी डोंगरमाथे सोडून सपाटीवर, खंदकांच्या वेढ्यात, किल्ले बांधण्याचा प्रघात पडला होता. हिमेजी, मात्सुमोतो, कानाझावा ही नगरे त्या काळातील. परंतु त्यांची घडण वेगळी. तेथे दाइम्यो, म्हणजे प्रांताचा मांडलिक अधिपती, प्रथम किल्ल्याची जागा निश्चित करी आणि मग जवळ सामुराईंची निवासस्थाने, त्यांच्या पलीकडे व्यापारी व कारागिरांच्या आळ्या, आणि नगराच्या कडेला मंदिरांची रांग असा आराखडा हुकमाने आखला जाई. १६१५ साली तोकुगावा सत्तेने एका जहागिरीत एकच किल्ला ठेवण्याचा दंडक घातल्यावर तर सर्व वैभव त्या एका नगरात एकवटले. एकोणिसाव्या शतकात सरंजामशाही लयास गेली तेव्हा शेकडो किल्ले मोडीत निघाले. मात्सुमोतोचा काळा मनोरा लिलावात पाडण्यासाठी गेला असताना गावकऱ्यांनीच पैसा उभा करून तो वाचविला. या हकीकतीतला आपल्या कामाचा भाग हा शेवटचा आहे. धन्याच्या हुकमाने वसलेल्या नगराने धनी नाहीसा झाल्यावर किल्ला आपला मानला. सोलापूर तर कोणा एका धन्याचे कधी नव्हतेच, मग त्याला आपला कोट आपला मानावयास कोणती अडचण असावी?

आता वेशीबाहेर यावे. पेठेची तटबंदी केव्हाच नामशेष झाली, परंतु बाळीवेस, कुंभारवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस ही नावे तिच्या सीमा अद्याप सांगत आहेत. उत्तर कसबा आणि दक्षिण कसबा हा जुना गाभा. त्याभोवती मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार या वारांच्या पेठा. मग साखर पेठ, भवानी पेठ, गणेश पेठ, जोडभावी पेठ, पाच्छा पेठ, नवी पेठ. कापडाच्या व्यापाऱ्यांची चाटी गल्ली. इंग्रजी छावणीच्या गरजेतून वाढलेला सदर बझार. आणि गिरणीमालकाचे नाव मिरविणारी मुरारजी पेठ. या पेठांतून चालताना दर शंभर पावलांवर भाषा बदलते. कसब्यातील जुन्या लिंगायत घराण्यांची कन्नड, व्यापारी आळीतील मारवाडी व गुजराती, विणकर वस्तीतील तेलुगू, मोमीन वस्तीतील दख्खनी उर्दू आणि या सर्वांना एकत्र बांधणारी, हेल काढून बोलली जाणारी सोलापुरी मराठी, असा हा बहुभाषिक संसार शतकानुशतके एका बाजारावर चालला आहे. आणि माणूस दुकानात शिरताना एका भाषेत, दर ठरविताना दुसऱ्या भाषेत आणि निरोप घेताना तिसऱ्या भाषेत बोलला तर त्याचे येथे कोणास आश्चर्य वाटत नाही.

विणकाम हा या बाजाराचा कणा. साळी, कोष्टी, मोमीन यांचे माग येथे पूर्वीपासून होते. पेशवाईच्या काळापासून आणि विशेषेकरून एकोणिसाव्या शतकात तेलंगणातून पद्मशाली विणकर मोठ्या संख्येने आले, आणि पूर्व भागातील वस्त्यांत त्यांनी आपले माग, आपली मार्कंडेयाची उपासना आणि आपली तेलुगू भाषा ही तिन्ही रुजविली. नारळी पौर्णिमेला निघणारा मार्कंडेयाचा रथ हा त्या समाजाच्या प्रतिष्ठेचा सोहळा होय. लुगडी, खण, पासोड्या विणणाऱ्या या हातांनी पुढे जॅकार्ड यंत्राची करामत आत्मसात केली, आणि दोन्ही बाजूंनी नक्षी उठणारी, जाड सुताची, धुण्याला दाद न देणारी सोलापुरी चादर निर्माण झाली, जी महाराष्ट्रातल्या घराघरांत अंथरूण-पांघरूण म्हणून पोहोचली. महाराष्ट्रातून भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळविण्याचा पहिला मान याच चादरीकडे गेला, ही त्या कौशल्यावर राजमान्यतेची मोहोर म्हणावयास हरकत नाही.

इंग्रजी अमदानीत या हातकामाला यंत्राची जोड मिळाली. १८५२ साली नगरपालिका स्थापन झाली. १८६० साली लोहमार्ग सोलापुरास येऊन पोहोचला. १८७१ साली आदिला नदीवर एकरुखचा विस्तीर्ण तलाव पुरा झाला. आणि १८७४ साली मुरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सूतगिरणीची कंपनी निघून १८७७ साली तिचे चक्र फिरू लागले. कालक्रम येथे बोलका आहे. १८७६ ते १८७८ ही वर्षे दख्खनच्या भीषण दुष्काळाची. गावोगावची रयत पोटासाठी देशोधडीला लागली असताना रेल्वे, पाणी आणि मजुरी यांचा मेळ जेथे जुळत होता तेथे गिरणी उभी राहिली. त्या पहिल्या कारखान्याला लोक पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले, कारण तिच्या पाठोपाठ नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आणि जामश्री या गिरण्या निघाल्या, आणि शहराचे घड्याळ भोंग्यांच्या तालावर चालू लागले. याच वातावरणात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी पुढे जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत देशी भांडवलाचा पाया घातला. आणि त्या जुन्या गिरणीच्या दरवाजाला टाळे लागले तेव्हा केंद्र सरकारने १९५० साली तिचा ताबा घेण्यासाठी जो खास कायदा केला, तो सर्वोच्च न्यायालयापुढे येऊन समतेच्या मूलभूत अधिकाराविषयीच्या आरंभीच्या निवाड्यांपैकी एकाचा विषय झाला. त्यामुळे सोलापूरचे नाव कायद्याच्या विद्यार्थ्याला आजही पाठ करावे लागते.

कामगारांच्या आणि विणकरांच्या या नगरात राजकीय जागृती लवकर झाली. ६ एप्रिल १९३० रोजी नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकविण्यात आला, आणि असे करणारी देशातील पहिली नगरपालिका आपली, हा अभिमान सोलापूरकर आवर्जून बोलून दाखवितात. मे महिन्याच्या आरंभी महात्माजींच्या अटकेची वार्ता आली. गिरण्या बंद पडल्या, मिरवणुका निघाल्या, ८ मे रोजी पोलिसांच्या गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण हुतात्मा झाला, आणि प्रक्षोभ इतका वाढला की सरकारी अंमल काही दिवस शहरातून अंतर्धान पावला व वाहतुकीपासून गस्तीपर्यंतची कामे स्वयंसेवकांनी सांभाळली. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि ३० जूनपर्यंत त्याने शहर दडपून टाकले. गांधी टोपी घालणे हाही त्या दिवसांत गुन्हा ठरला होता. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी देण्यात आली. ही चार नावे एकापुढे एक वाचली म्हणजे सोलापूरच्या पेठांचा नकाशाच वाचल्यासारखे होते. ज्या किल्ल्यासाठी दोन दरबार एका धर्माचे असूनही चाळीस वर्षे भांडले, त्याच किल्ल्याच्या सावलीत वाढलेले चार जातीधर्मांचे चार लोक एका दिवशी एका कारणासाठी मृत्यूला सामोरे गेले.

असे हे नगर पाहावयास येणाऱ्याने क्रम कोणता धरावा? बहुतेक प्रवासी स्थानकावर उतरून किल्ल्याच्या दरवाजात उभे राहतात, तटाकडे पाहतात आणि पंढरपूर, तुळजापूर अथवा अक्कलकोटची वाट धरतात. माझी सूचना अशी, की आरंभ तळ्यापासून करावा. शक्य असल्यास संक्रांतीच्या सुमारास यावे. त्या दिवसांत गड्ड्याची यात्रा भरते, उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंद्या घातलेले मानकरी त्या उंच काठ्या तोलीत शहरभर फिरतात, भोगीच्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, आणि दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षतांचा सोहळा होतो. सिद्धरामांशी विवाह करू इच्छिणाऱ्या एका कुंभारकन्येला योगीराजांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची अनुमती दिली, त्या प्रसंगाचे हे स्मरण. आणि काठ्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे वाटलेले असल्याने सगळे गाव त्या लग्नाचे वऱ्हाडी होते. आंदणाच्या लग्नांनी या नगराला चाळीस वर्षांची युद्धे दिली. काहीही देणेघेणे नसलेल्या या लग्नाने शतकानुशतकांची एकजूट दिली.

तळ्यावरून मग किल्ल्यात जावे, तेथून बाळीवेशीने माणिक चौक व चाटी गल्ली पाहून पूर्व भागात एखाद्या विणकराच्या कारखान्यात थोडा वेळ उभे राहावे. शाहीर राम जोशी हे याच गावचे; शुभराय महाराजांच्या मठात एका संताच्या हातची चित्रे जतन केलेली आहेत; आप्पासाहेब वारद यांनी उभारलेली इंद्रभुवन ही शिल्पसमृद्ध वास्तू महानगरपालिकेचे कार्यालय म्हणून नांदते आहे; आणि चीनमध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांची शुश्रूषा करता करता १९४२ साली देह ठेवणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक त्यांच्या पैतृक घरात झाले आहे. एक दिवस हाती असेल तर भीमा-सीनेच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथे जावे, जेथे शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा, मराठी वाक्य असलेला शिलालेख आणि असंख्य मुखांचे शिवलिंग आहे. अथवा नान्नजच्या माळावर जावे, जो माळढोक पक्ष्यासाठी राखून ठेवण्यात आला. जेवणात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही असावे, कारण या मुलखाची ज्वारी चाखल्यावाचून त्याचा इतिहास पुरता कळत नाही.

गिरण्यांचे भोंगे विसाव्या शतकाच्या अखेरीस एकामागून एक थांबले, मागांची जागा यंत्रमागांनी घेतली, आणि नव्या पिढीचा मोठा भाग पुण्याच्या वाटेला लागला. तरी तळे, कोट आणि पेठ ही त्रयी अद्याप आपल्या जागी आहे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याने किल्ला संरक्षित ठरविला आहे, परंतु संरक्षणाचा फलक आणि नागरिकांची आस्था या दोन भिन्न गोष्टी आहेत. खंदकात कचरा पडणार नाही, तळ्यात सांडपाणी येणार नाही आणि तटाच्या चिऱ्यावर कोणी आपले नाव कोरणार नाही, एवढी जबाबदारी सोलापूरकरांनी आपल्या शिरावर घ्यावी. शाळांनी दरवर्षी एक वर्ग तळ्यावरून किल्ल्यात आणि किल्ल्यातून मागापर्यंत पायी न्यावा. आणि महाराष्ट्रातील अन्य वाचकांनी पंढरपूरच्या वाटेवर एक दिवस या नगरासाठी राखून ठेवावा. राजांनी हा किल्ला आंदणात दिला नि घेतला, पण त्याच्याभोवतीचे नगर कोणी कोणास देऊ शकले नाही. ते ज्यांनी पाणी साठवून आणि सूत विणून उभे केले त्यांचेच राहिले, आणि त्याचा सांभाळही त्यांनाच करावा लागणार आहे.